झिजपट्टी आणि भरपट्टी

मुळे सरांनी पुस्तक लिहिलं, असं कुणी म्हटलं की मला अजून राग येतो. पन्नास वर्षं झाली, सर गेले, पुस्तकही आता कुठं मिळत नाही, तरी येतो. त्यातला निम्माच राग सरांवरचा आहे. उरलेला कुणावरचा ते सांगायचं तर आधी गिदोनमामांची ओळख करून द्यायला हवी.

गिदोन उजागरे आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर हा कागदावरचा शब्द. म्हणजे बाटल्या धुणारा, स्पिरिटचे दिवे भरणारा, फुटक्या परीक्षानळ्या वेचणारा माणूस. कॉलेजात अशा माणसाला मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून आम्हीही मामा म्हणायचो. उंच, किडकिडीत, कानांवर तेवढे पांढरे केस, अंगात खाकी कोट. आम्लं उडून उडून त्या कोटाची चाळण झाली होती आणि त्यांच्या बायकोनं, सारामावशींनी, प्रत्येक भोकाला आतून ठिगळ लावलं होतं. मुलं विचारायची, "मामा, यात मूळचा कोट किती राहिलाय?" मामा म्हणायचे, "गुंड्या मूळच्याच हायेत."

तरुणपणी ते रेल्वेच्या तारखात्यात होते. तारयंत्राला लागणारी वीज तेव्हा काचेच्या बरण्यांतून यायची. बरणीत मोरचुदाचं निळं पाणी, तांब्याची पट्टी, जस्ताचा तुकडा. अशा चाळीस-पन्नास बरण्या एका खोलीत मांडलेल्या असत. त्यांना पाणी पाजायचं, संपलेलं जस्त बदलायचं, तारांची टोकं घासायची, हे काम मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झालेल्या गिदोनकडे होतं. नऊ वर्षं हंगामी ठेवून तारखात्यानं नारळ दिला आणि ते आमच्या कॉलेजात आले. बरण्या काही सुटल्या नाहीत.

मी पुणतांब्याची. एकाहत्तर सालच्या जूनमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले, रोज पॅसेंजरनं जायची-यायची. शंभर मुलांत आम्ही चार मुली. अकरावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं आणि इथं एकदम इंग्रजी. मुळे सर फळ्याकडं तोंड करून भराभर सांगायचे आणि आम्ही कळेल तेवढं उतरवून घ्यायचो. ॲनोड आणि कॅथोड हे जुळे भाऊ असावेत आणि कोणता कोण ते त्यांच्या आईलाच कळत असावं, असं मला वाटायचं. शाळेत आम्ही ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असं पाठ केलं होतं. पण एक दिवस सरांनी विद्युतघटाच्या आकृतीत ॲनोडसमोर उण्याची खूण काढली आणि माझं सगळं पाठांतर पाण्यात गेलं.

त्या दिवशी तास संपल्यावर मी प्रयोगशाळेतच बसून राहिले होते. मामा टेबलं पुसत होते.

"काय गं पोरी, तोंड का पाडलंस?"

"मामा, ॲनोड धन की ऋण तेच कळत नाही. शाळेत धन होता, आज सरांनी ऋण केला."

"दोनीबी खरं हाय. म्हनून तर घोळ हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "तू त्या धन-ऋणाच्या नादी लागू नगंस. हिकडं ये, पट्टीकडं बघ."

कपाटातून त्यांनी एक चंचुपात्र आणलं. त्यात मोरचुदाचं पाणी, तांब्याची पट्टी, आणि मधोमध एक मातीचं बोळकं. विलायती सच्छिद्र भांडी फुटली तेव्हापासून मामा कुंभाराकडून बिनचकाकीची बोळकी आणायचे, आणि ती अगदी हवी तेवढीच पाझरायची. बोळक्यात जस्ताची पट्टी. विद्युतघट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं नवरात्रातला घट यायचा, आणि इथं खरंच बोळकं निघालं तेव्हा मला हसू आलं.

"हिला डॅनियल सेल म्हनत्यात. सिंहांच्या गुहेतनं सुटला त्यो बायबलातला दानीएल आमचा, ह्यो निराळा, विलायतेचा," मामा म्हणाले. त्यांनी जस्ताची पट्टी वर काढली. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. "ही काय करती?"

"झिजते."

मग तांब्याची काढली. तिच्यावर ताज्या तांब्याचा गुलाबी थर चढला होता. "आनि ही?"

"भरते."

"मंग हिचं नाव झिजपट्टी, हिचं भरपट्टी. मुलामा द्यायच्या टाकीत आपुन भायेरची वीज ढकलतो, तिथं झिजपट्टी धन आसती. हितं सेलात जस्त आपल्या खुशीनं झिजतंय, वीज हितनंच निघती, म्हनून हितं झिजपट्टी ऋण. धन-ऋण जागा बदलत्यात. झिजनं-भरनं बदलत न्हाई."

मग त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. तांब्यासमोर पॉइंट चौतीस होतं, जस्तासमोर उणे पॉइंट शहात्तर. "भरपट्टीचा आकडा आदी मांड. त्यातनं झिजपट्टीचा वजा कर. उणं वजा केलं की काय हुतं?"

"अधिक."

"मंग किती?"

"एक पॉइंट दहा."

"आता लाल वायर भरपट्टीला लाव आनि मीटर बघ."

काटा एकाच्या जरा पुढं जाऊन थांबला. कागदावर काढलेला आकडा समोरच्या मातीच्या बोळक्यातून निघाला होता. मला झालेला आनंद मी कधी विसरले नाही. पुढं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं ते त्या आनंदाच्या जोरावर.

मामांकडं एक लांबट वही होती. काळ्या मेणकापडाचं वेष्टन, आत बावीसच्या बावीस प्रयोग मराठीत लिहिलेले. आमच्यासारखी खेड्यातली पोरं दरवर्षी येतात आणि गोंधळतात, हे बघून त्यांनी चार वर्षांत ती वही तयार केली होती. परीक्षा जवळ आली की ती हातोहात फिरायची.

ती फिरत फिरत मुळे सरांच्या हातात पडली. प्रा. रंगनाथ मुळे विभागप्रमुख होते. मराठीतून विज्ञान आणायला हवं, असं तेव्हा जो तो म्हणायचा आणि सर सभांमधून ते फार छान म्हणायचे. एका दुपारी मी टेबलापाशी असताना त्यांनी मामांना हाक मारली.

"उजागरे, याचं पुस्तक करू आपण. लेखक म्हणून माझं नाव घालावं लागेल, त्याशिवाय विद्यापीठात कुणी हात लावणार नाही. पण खाली तुमचं. साहाय्य, गिदोन उजागरे."

सरांनी कागदाच्या कपट्यावर ते लिहून दाखवलं. मामांनी तो कपटा दोन्ही हातांनी धरला.

"छापील, सर?"

"छापील नाही तर काय."

गाडी उशिरा असली की मी स्टेशनजवळच्या मामांच्या घरी बसायचे. सारामावशी चहा द्यायच्या, कधी भाकरीही खायला लावायच्या. हे मी आमच्या घरी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मावशी नवऱ्याची चेष्टा करत होत्या. "रविवारी देवळात आता पैल्या बाकावर बसत्याल. लेखक झाल्यात न्हवं!" मामा हसले, पण मग म्हणाले, "पोरी, माझं नाव हजेरीबुकात हाय, बाप्तिस्म्याच्या बुकात हाय, तारखात्याच्या कमी केलेल्या मानसांच्या यादीतबी हाय. ती समदी दुसऱ्यांनी त्यांच्या सोयीनं लिवल्याली. मी कायतरी केलंय म्हनून लिवलेलं नाव येकबी न्हाई."



माझं अक्षर मोत्यासारखं म्हणून सरांनी पक्की प्रत करायचं काम माझ्याकडं दिलं. बहात्तरच्या उन्हाळ्याची सुट्टी मी त्यात घालवली. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "झिजपट्टी, भरपट्टी हे काय शब्द झाले? लोहारकामाचं पुस्तक आहे का हे? जिथं झिजपट्टी असेल तिथं धनाग्र लिही आणि भरपट्टी असेल तिथं ऋणाग्र. मान्य परिभाषा आहे." मी लिहीत गेले. मुलाम्याचा प्रयोग आला, तिथं ते शब्द चपखल बसले. आणि मग सतरावा आला, बोळक्यातला घट. मामांचं वाक्य होतं, लाल वायर भरपट्टीला जोडावी. मी सांगितल्याप्रमाणं लिहिलं, लाल वायर ऋणाग्राला जोडावी. लिहून झाल्यावर माझी मलाच शंका आली आणि मी कागद सरांकडं नेला.

"सर, लाल म्हणजे धन ना? मग ती ऋणाग्राला कशी?"

सरांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि हिरव्या शाईच्या पेनानं ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, धन टोक धनाग्राला जोडावे. खालच्या गणितात मामांनी भरपट्टीच्या आकड्यातून झिजपट्टीचा वजा केला होता. तेही सरांनी फिरवलं आणि लिहिलं, धनाग्राच्या विभवातून ऋणाग्राचे विभव वजा करावे. उत्तर मात्र तेच ठेवलं, एक पॉइंट दहा.

"पण सर, इथं जस्त धनाग्र झालं. मामा म्हणतात की घटात..."

"तुला शिकवतो कोण? मी की उजागरे?"

मला उत्तर ठाऊक होतं, ते सरांना आवडलं नसतं. सर लगेच मऊ झाले. म्हणाले, "आणि हे बघ, छापून होईपर्यंत उजागऱ्यांना काही दाखवायचं नाही. पुस्तक हातात पडेल तेव्हा बघ कसे खूश होतील." मला ते फार गोड वाटलं. मामा दोनदा विचारायला आले, "कुठवर आलं गं?" मी दोन्ही वेळा हसून टोलवलं.

पुस्तकं दिवाळीनंतर नगरच्या छापखान्यातून आली. पाऊस दडी मारून बसला होता, गोदावरीच्या वाळूत आम्ही झिरे खणून पाणी आणत होतो, कॉलेजच्या नळाला दिवसाआड तासभर धार. मामांनी त्यातल्या बादलीभर पाण्यात हात धुतले, कोटाला पुसले आणि गठ्ठ्याची सुतळी सोडली. मुखपृष्ठावर सरांचं नाव. आतल्या पानावर सरांचं नाव. मामांनी प्रस्तावना उघडली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. संस्थेच्या अध्यक्षांचे आभार, प्राचार्यांचे, छापखान्याचे, सरांच्या सौभाग्यवतींचे. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. कु. चांगुणा आसाराम बोठे हिने सुवाच्य अक्षरात प्रत करून दिली.

"तुजं नाव हाय," मामा म्हणाले. मग त्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

सर म्हणाले, "उजागरे, फार प्रयत्न केला. पण संस्थेच्या नियमात चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याचं नाव बसत नाही. पुढच्या आवृत्तीत नक्की बघू." असला नियम कुठंही नव्हता. मीच पुढं त्या संस्थेत नोकरी केली, सगळे नियम वाचले, म्हणून सांगते. मामा बरं म्हणाले आणि गठ्ठे कपाटात लावू लागले. मी काय केलं? मी पुस्तक घरी नेलं. आबांनी माझं नाव चावडीवर वाचून दाखवलं, चार जणांना पेढे वाटले. त्यातला एक पेढा मीही खाल्ला.

त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत मामांनी ते पुस्तक उघडलं नाही. आणि पुस्तक आल्यावर त्यांना विचारायला कोण जाणार? पाण्याअभावी फेब्रुवारीत प्रयोगशाळा बंदच ठेवली. शेवटचे सहा प्रयोग पुस्तकातून पाठ करून या, असं सरांनी सांगितलं. सतरावा त्यातलाच.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. आदल्या वर्षीची परीक्षा आजारपणात बुडाल्यामुळं मी पुन्हा पहिल्याच वर्षाच्या परीक्षेला बसले होते. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते, जाड भिंगांचे, हळू बोलणारे. आठ जणांच्या वाट्याला घट आला. मला टायट्रेशन होतं, पण पाठीमागून टिक टिक असा आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. आठही मीटरचे काटे उलटे जाऊन डावीकडच्या खुंटीवर आपटत होते. परीक्षेच्या वेळी परिचरानं तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. मोरीपाशी उभ्या मामांच्या तोंडून "अरं!" एवढंच निघालं.

परीक्षक एका मुलाजवळ थांबले. "जस्ताला धन टोक? हे कुणी सांगितलं?"

मुलानं पुस्तक पुढं केलं. परीक्षकांनी उभ्या उभ्या सतरावा प्रयोग वाचला आणि ते मोठ्यानं हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "या पुस्तकाप्रमाणं उत्तर उणे एक पॉइंट दहा येतं. म्हणजे हा घट चालूच शकत नाही. आणि हा बिचारा समोर चालतोय!" मुळे सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

प्राचार्यांच्या खोलीत नंतर काय झालं ते मला अर्धं तिथल्या कारकुनाकडून कळलं. अर्धं मी स्वतः पाहिलं. सरांनी परीक्षकांसमोर सांगितलं, "तो भाग आमच्या परिचरानं पुरवलेल्या टिपणांवरून घेतला. मी विश्वास ठेवला, माझी चूक एवढीच." ज्या माणसाचं नाव नियमात बसत नव्हतं त्याची चूक मात्र अगदी बरोबर बसली. मामांना बोलावलं. त्यांनी छापील पान वाचलं, पहिल्यांदाच वाचलं, आणि म्हणाले, "वही माझी हाय, साहेब. पन ह्ये शब्द माझे न्हाईत. माझ्या वहीत धनाग्र ह्यो शब्दच न्हाई."

"कुठं आहे वही?"

"सरांकडं दिल्ती."

"छापून झाल्यावर रद्दीत गेली असणार," सर म्हणाले.

यावर मामा म्हणे एकदम सावरले. त्यांचा चेहरा उजळला, असं कारकून म्हणाला. "मंग चांगुणाला इचारा की. तिनं उतरवून काढलीया. ती सांगंल."

शिपाई मला बोलवायला आला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. वही रद्दीत गेली असेल, पण मी केलेली पक्की प्रत गेली नव्हती. छापखान्यानं ती परत पाठवली होती, सरांनी फेकून दे म्हणून सांगितलं होतं, आणि माझं अक्षर मलाच आवडायचं म्हणून मी ती घरच्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली होती. माझी निळी शाई आणि सतराव्या प्रयोगावर सरांची हिरवी. मी खोलीत शिरले तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं. ट्रंकेची किल्लीसुद्धा माझ्या गळ्यात होती.

प्राचार्यांनी विचारलं, "प्रत करताना मूळ वहीत काय होतं? धनाग्र हा शब्द होता की दुसरा काही?"

सर माझ्याकडं वळले, अगदी मायेनं. "नीट आठवून सांग, चांगुणा. घाई नाही. तुझी तोंडी परीक्षा दुपारी आहे ना?"

मामा भिंतीपाशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. बोळकं पाझरेल की नाही याची जशी त्यांना काळजी नसायची, तसे ते उभे होते.

"आठवत नाही, सर," मी म्हणाले.

"म्हणजे तू शब्द बदललेस का?"

"समोर होतं ते उतरवलं."

प्राचार्यांनी मान हलवली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी बाहेर पडताना मामांकडं पाहायचं धाडस केलं नाही, पण मला वाटतं तेही पाहत नव्हते. आणि खरं सांगते, पहिली जाणीव सुटल्याची होती. दुपारी तोंडी परीक्षा छान गेली.

आठवड्याभरात छापखान्यातून शुद्धिपत्र आलं. चार बोटं रुंदीची पट्टी. तिच्यावर मजकूर असा होता: प्रयोग १७ हा प्रयोगशाळा परिचर श्री. गिदोन उजागरे यांच्या टिपणांवर आधारित असून त्यांच्याकडून झालेल्या चुकीबद्दल दिलगिरी आहे. खाली दुरुस्त वाक्यं. आणि ही पट्टी कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात चिकटवायचं काम कुणाचं? परिचराचं. पुढं अकरा वर्षं मामा त्याच प्रयोगशाळेत राहिले, तिथूनच निवृत्त झाले, पण त्यानंतर त्यांनी कुणा विद्यार्थ्याला काही समजावून सांगितलेलं मी ऐकलं नाही.

मार्कांची यादी पुण्याला रवाना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली. आधी नाही, दुसऱ्या दिवशी. कागद पिशवीत घालून मी प्रयोगशाळेत गेले. मामा लांब टेबलापाशी स्टुलावर बसले होते. एका बाजूला पुस्तकांची चळत, दुसऱ्या बाजूला शुद्धिपत्रांची, मध्ये कणकेच्या खळीची वाटी.

"मामा."

"या ताई."

मी कागद त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी फडक्याला बोटं पुसली आणि पानं उलटत सतराव्यापाशी आले. हिरवी शाई दिसल्यावर थांबले. सगळं वाचलं, गणितसुद्धा.

"ह्ये कुठं हुतं?"

"माझ्याकडं. ट्रंकेत."

"त्या दिशी?"

"त्या दिवशीही होतं." मग मी घाईघाईनं म्हणाले, "मामा, मी आत्ता प्राचार्यांकडं जाते. सगळं सांगते. हे दाखवते."

"आता छापून आलं," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा त्या हिरव्या ओळीकडं पाहिलं. "सरांचं मला समजतं. त्यांना येकट्याचं नाव पायजे हुतं. तुमाला काय पायजे हुतं, ताई?"

प्रॅक्टिकलला पन्नासपैकी पंचेचाळीस मार्क पडल्याचं मला कारकुनाकडून कळलं होतं. ते उत्तर होतं, पण ते तोंडातून निघेना. मामांनी कोपरानं कागद माझ्याकडं सरकवले.

"उचला तेवढं. खळ लागंल."

मी कागद उचलले. मामांनी पुढचं पुस्तक उघडलं, एका पट्टीच्या पाठीला बोटानं खळ फिरवली, आणि आपलं नाव आत चिकटवून तळहातानं सारखं केलं.